निळ्या भिंतीविषयी माझे म्हणणे

"आमच्या आईला रंगांची फार हौस होती. एकदा तिने मागच्या खोलीला मोठ्या आवडीने निळा रंग दिला, तर अप्पांनी संध्याकाळच्या आत त्यावर पांढरा चुना फासला. तेव्हापासून हे घर पांढरेच राहिले. आज आईचा रंग आईच्या घरी परत आला आहे."

ही वाक्ये माझ्या मुलीची. घराचे नवे रूप दाखवण्यासाठी तिने उमरग्यातल्या ओळखीच्या मंडळींना चहाला बोलावले होते. त्यांच्यासमोर, मोरपंखी भिंतीपुढे उभी राहून, ती हे बोलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि पदराआडूनच माझ्याकडे एकवार पाहून घेतले. मी नव्या मोहरी रंगाच्या कोचावर बसलो होतो. पुढे तीच वाक्ये फोटोंसह नातलगांच्या मोबाइलवर गेली आणि माझ्या मेहुणीने त्याखाली हात जोडल्याचे चिन्ह टाकले.

चारचौघांत लेकीचे बोलणे खोडणे मला प्रशस्त वाटले नाही. सहकाऱ्याची चूक वर्गात दाखवू नये, शिक्षकांच्या खोलीत दाखवावी, हा नियम मी नोकरीभर पाळला. आता ती मंडळी गेली आहेत, मुलगी पुण्याला परतली आहे, आणि शिक्षकांच्या खोलीत मी एकटाच उरलो आहे. म्हणून लिहितो.

प्रथम 'पांढरेच राहिले' हे घेऊ. हे घर बांधले तेव्हा दारे-खिडक्यांना पोपटी तैलरंग होता. ओसरीच्या भिंतींना खालून गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत तांबडी काव होती. देवाच्या कोनाड्याची आतली बाजू पिवळी होती आणि दिवा लावला की ते पिवळेपण बाहेरच्या चुन्यावर सांडत असे. हे सगळे दहाएक वर्षांपूर्वीपर्यंत जागच्या जागी होते. ते कोणी घालवले, तर याच मुलीने. तेव्हा तिने पुण्यात नवा फ्लॅट घेतला होता. त्यात भिंती करड्या, पडदे करडे, फरशी करडी. त्या घरात पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटले, रंगकाम अजून व्हायचे आहे. दिवाळीला ती इथे आली आणि आमची दारे पाहून म्हणाली, "अप्पा, हे किती गावंढळ दिसतं. आता सगळीकडं फिकट चालतं. डोळ्याला शांत वाटतं." आठवड्याभरात माणसे आली आणि पोपटी रंग पॉलिश पेपरने घासून काढला. माझी पत्नी तेव्हा हयात होती. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून ती हिरवी भुकटी खाली पडताना पाहत राहिली आणि शेवटी केरसुणी घेऊन आली.

तेव्हा हे घर बिनरंगाचे करणारा मी नव्हे, हे नोंदवून पुढे जातो.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मुलगी पुन्हा आली, ती वेगळेच बोलणे घेऊन. "फिकट घरं आता सगळ्यांना कंटाळवाणी वाटायला लागली, अप्पा. आता ठळक रंग लावतात. घर बोललं पाहिजे."

"कोणाशी?" मी विचारले.

ती हसली. मी विनोद केला नव्हता.

काम वाईट झाले असे मी म्हणणार नाही. तिला दृष्टी आहे, ती कोणाकडून आली हा वेगळा मुद्दा. बैठकीची एक भिंत मोरपंखी, तिच्यासमोरच्या भिंतीवर केळीची पाने आणि त्यांत लपलेले पोपट असलेला कागद, छताला गेरूसारखा गडद तांबडा. स्वयंपाकघरात फुलांच्या नक्षीच्या फरश्या. माझ्या पत्नीचा पाटा बैठकीच्या कोपऱ्यात उभा केला असून त्याच्या पायाशी दोन कुंड्या आहेत. तिने शिवलेली गोधडी काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावली आहे. गोधडीच्या मधोमध माझ्या जुन्या सदऱ्याचा रेघांचा तुकडा आहे. पहाटे गारवा सुटतो तेव्हा मी ती मागितली होती. मुलगी म्हणाली, "अप्पा, ती आता वापरायची वस्तू राहिली नाही." मला चांगली नवी चादर मिळाली.

पहिल्या आठवड्यात माणसे आली. पोपटांपुढे उभे राहून त्यांनी आपले फोटो काढले. नंतर येणे थांबले. एकदा पाहिलेले घर पुन्हा पाहायला कोण येणार? मी सकाळी बैठकीत वर्तमानपत्र वाचतो. हमरस्त्यावरून हैदराबादकडे जाणारे ट्रक गेले की चौकटीची काच किंचित वाजते. घर बोलते म्हणतात ते एवढेच. चहा मात्र मी मागच्या खोलीत घेतो. आता त्या खोलीचे सांगायला हवे, कारण सगळा वाद तिच्यातच आहे.

ही मागची खोली पूर्वी आमचे स्वयंपाकघर होती. पुढे नवे स्वयंपाकघर झाले आणि हिच्यात धान्याच्या कणग्या, ट्रंका आणि माझी पुस्तके गेली. रंगकामात हिचा क्रम शेवटचा होता. रंगारी पत्र्याची पट्टी घेऊन भिंत खरवडू लागला. पांढऱ्या चुन्याचे पापुद्रे एकावर एक निघाले आणि अचानक पट्टीखाली निळे लागले. साधे निळे नव्हे. बोरूच्या दौतीतली शाई भिंतीवर ओतावी असे.

मुलगी धावत आली. तिने हात लावला, तर बोटे निळी झाली. "हाच! हाच आईचा निळा," ती म्हणाली आणि रडू लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही झाकला होता तो."

असे हे प्रकरण सुरू झाले. भिंत सापडली ती माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून. माझे म्हणणे असे की पुरावा खरा आहे, तो वाचला मात्र चुकीचा गेला.

रंगारी उमरग्याचाच, पन्नाशीचा, माझा विद्यार्थी नसलेला, म्हणजे माझी बाजू घेण्याचे त्याला काही कारण नाही. मुलगी फोनवर बोलायला बाहेर गेली तेव्हा त्याने नखाने एक पापुद्रा सोलून मला दाखवला. "सर, ह्यो काळा थर बघा. निळ्यावर आधी धूर बसलाय, मग चुना पडलाय. स्टोव्ह न्हायतर चूल, सालभर तरी जळलीय इथं."

"हे ताईंना सांगाल?"

"मी कशाला सांगू, सर," तो पट्टी पुसत म्हणाला. "बापलेकीच्या मधी रंगाऱ्यानं पडू न्हाय."

तेव्हा 'संध्याकाळच्या आत' हे शब्द पडले. एका दिवसात एवढा धूर बसत नाही. शिवाय ओल्या निळ्यावर चुना फिरवला तर पांढरे होत नाही, सगळेच निळसर होते, हे भिंत रंगवलेल्या कोणालाही ठाऊक आहे. मुलीने आजवर भिंतींचे रंग निवडले आहेत, भिंत रंगवलेली नाही.

आता मूळ घटना सांगतो.

माझी पत्नी सीमेपलीकडची. तिच्या माहेरी घरात कन्नड बोलत आणि भिंती निळ्या असत. चुन्यात नीळ कालवून दरवर्षी दिवाळीआधी हात द्यायचा, ही त्यांच्याकडची रीत. आमच्याकडे मात्र चुना पांढरा, फार तर चिमूटभर नीळ, तीही पांढरे अधिक उजळ दिसावे म्हणून. लग्नानंतर काही वर्षांनी एका दिवाळीच्या सुटीत ती म्हणाली, "अहो, एक खोली आमच्यासारखी करूया का? मागची. तिथं कोण येतंय बघायला?"

मी होय म्हटले. हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहितो, कारण कोणाच्याच सांगण्यात ते येत नाही.

तिला तेव्हा दिवस गेले होते. हीच मुलगी पोटात होती. तिला शिडीवर चढू देणे शक्य नव्हते आणि चुन्याला मजूर लावावा असे ते दिवस नव्हते. रंग मी दिला. तिने चुना भिजवला, त्यात डिंक घातला, आणि म्हणाली, "नीळ एक पुडी पुरं. पण ओलं बघून ठरवू नका. वाळल्यावर उतरतो."

इथे माझ्याकडून चूक झाली आणि ती मी लपवत नाही. मी गणित शिकवणारा माणूस. वाळल्यावर उतरतो म्हणजे निम्मा होत असणार, चुना दुसऱ्या हाताला आणखी पातळ होणार, असा हिशेब करून, तिला न विचारता, मी तीन पुड्या रिकाम्या केल्या. दुपारभर दार लावून दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी भिंती वाळल्या. रंग उतरला नाही. खिडकी उघडली तेव्हा उजेडसुद्धा आत येताना बिचकला.

मी बोलणी ऐकायच्या तयारीने उभा होतो. ती दारात आली, कमरेवर हात ठेवून चारी भिंती पाहिल्या आणि म्हणाली, "छलो अद." म्हणजे छान आहे. मग हसू लागली. हसता हसता खाली बसली. "तीन पुड्या? अहो मास्तर, भिंत रंगवायची होती का धोतरं निळीत घालायची?" माझ्या बाहीवरचे निळे शिंतोडे पाहून तिने आणखी एक टोमणा मारला. तो तिचा नेहमीचा होता. "लिहिताना मास्तर, काम करताना डावरे."

याचाही खुलासा करतो. मी जन्माने डावरा. शाळेत गुरुजींनी डाव्या हातावर पट्ट्या मारून मला उजव्याने लिहायला शिकवले. लिहिणे आणि जेवणे तेवढे उजव्या हाताला गेले, बाकी सर्व डाव्याकडे राहिले. नोकरीभर मी खडू उजव्या हातात धरला आणि डस्टर डाव्या. त्यामुळे एक उपयोगी गोष्ट मला आपोआप कळली. फळा कोणी पुसला हे मी पट्ट्यांवरून सांगू शकत असे. उजव्या हाताच्या माणसाने जोराने हात फिरवला की पट्टीचे वरचे टोक उजवीकडे झुकते, डावऱ्याचे डावीकडे. वर्गातल्या मुलांना तो चमत्कार वाटे. चमत्कार नव्हता. खांदा ज्या बाजूला, कल त्या बाजूला.

दार लावून रंग दिला, असे मी वर लिहिले. का लावले, हे कोणीतरी विचारीलच, म्हणून सांगतो. आमच्या गल्लीत घर सारवणे, चुना देणे हे बायकांचे काम. धोतराचा काचा मारून, कुंचा हातात घेऊन, मास्तर भिंतीला भिडला आहे, हे दृश्य गल्लीने वर्षभर पुरवून खाल्ले असते. मी तिला सांगितले, "कोणी विचारलं तर तूच दिलास म्हणून सांग." ती म्हणाली, "बरं."

त्या दिवाळीत भाऊबीज आटोपून माझे थोरले बंधू गावाकडून आले. पाणी प्यायला थेट मागच्या खोलीत शिरले आणि तिथूनच ओरडले, "आरं मास्तर! नीळ सांडली का काय घरात? हे घर हाय का महादेवाचं देऊळ?" त्यांच्याबरोबर गावचे आणखी दोघे होते. ते हसले. बंधू बाहेर येऊन म्हणाले, "लई भारी. कुणी केलं म्हणायचं हे?"

माझी पत्नी फराळाची ताटे घेऊन दारात उभी होती.

"हिनंच," मी म्हणालो. "मला कुठं विचारलं."

"बायकूला आवर घाल की लेका," बंधू म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. मीही हसलो. तिने ताटे ठेवली, सर्वांना वाढले, कोणाला काय हवे-नको ते पाहिले. तिच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. ठरल्याप्रमाणेच मी बोललो होतो. फक्त 'मला कुठं विचारलं' हे ठरलेले नव्हते.

ती खोली पुढे वर्षभर निळी होती. त्या निळ्या खोलीत मुलीला पहिल्यांदा पायांवर घेऊन न्हाऊ घातले. चुन्याचा रंग हाताला लागतो. भिंतीला टेकले की पाठ निळी होई, आणि रांगायला लागल्यावर मुलीचे तळहात निळे असत. तिने त्या दिवशी बोटे निळी करून घेतली तेव्हा ते काही पहिल्यांदा नव्हते, हे तिला कोण सांगणार.

पुढच्या दिवाळीआधी मला कार्यालयीन कामासाठी चार दिवस धाराशिवला जावे लागले. एसटीने परत आलो तेव्हा मागची खोली पांढरी होती. तिने एकटीने, मुलीला शेजारी ठेवून, दोन हात दिले होते. मी विचारले, तेव्हा स्टोव्हला पंप मारता मारता ती म्हणाली, "भांड्यांना निळं लागत होतं."

ते कारण खरे होते. भांड्यांना निळे लागत होतेच. मी ते मान्य केले आणि चहा घेतला. पुन्हा आमच्यात निळ्या रंगाचा विषय निघाला नाही. पुढच्या सगळ्या दिवाळ्यांना तिने पांढरा चुना भिजवला. मी नीळ आणू का, असे विचारले नाही. विचारले असते तर तिने काय म्हटले असते, याचा मी अलीकडे, विशेषतः दुपारी, विचार करतो. तिला जाऊन तीन वर्षे होतील.

मुलीला मी फोन केला. धुराचा थर सांगितला, तीन पुड्या सांगितल्या, शिडी सांगितली. ती ऐकत होती, की दुसरे काही करत होती, कळत नव्हते.

"अप्पा, पण हे मला आईनंच सांगितलं होतं," ती शेवटी म्हणाली. "मी लहान असताना. मीच दिला होता निळा, म्हणाली. तुझ्या अप्पांना नाही आवडला."

"ती म्हणाली? मी पांढरा दिला असंही म्हणाली?"

"ते... तसंच असणार ना. अप्पा, आता जाऊ द्या ना. एवढी वर्षं झाली. मी काय तुम्हाला दोष देते का? तेव्हा सगळे पुरुष तसेच होते."

सगळे पुरुष कसे होते याचे उत्तर माझ्याकडून मागू नये. दुसरे असे, की माझी पत्नी खोटे बोलली नाही. 'मीच दिला' हे तिला मी सांगायला लावले होते आणि ती शेवटपर्यंत तेच सांगत राहिली. सख्ख्या लेकीलाही. मी केव्हातरी तिला त्यातून मोकळे करायला हवे होते. 'अप्पांना नाही आवडला' हे मात्र मी तिला सांगायला लावले नव्हते. ते तिने स्वतः ऐकले होते, हातात ताटे असताना. तेव्हा या एका मुद्द्यावर मला जिचे म्हणणे खोडायचे आहे, ती मुलगी नव्हे. आणि जिचे खोडायचे, ती समोर नाही.

मुलीला मी म्हटले, एकदा ये आणि सकाळी भिंत पाहा. ती म्हणाली, मोबाइलवर दाखवा. मी मोबाइल भिंतीसमोर धरला, जवळ नेला, तिरपा केला.

"मला नुसतं निळं दिसतंय, अप्पा."

"नीट बघ. फटकारे बघ."

"छान आहे. तसाच रंग डब्यात मिळतो आता, मी नंबर काढून ठेवलाय. सोमवारी रंगारी येईल. ती खोलीपण आईच्या रंगात करून टाकू." मग तिने विचारले, गोळ्या घेतल्या का. मी घेतल्या होत्या.

सोमवारी रंगारी आला. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवले. डबा बंदच आहे, पाट्याजवळ कुंड्यांच्या शेजारी ठेवला आहे. डब्यातला रंग चांगला असेल. तो हाताला लागणार नाही, भांड्यांना लागणार नाही, आणि लाटण्याच्या आकाराच्या रोलरने द्यायचा असल्यामुळे तो कोणी दिला हे कोणालाच कधी कळणार नाही.

खरवडलेली भिंत मी तशीच ठेवली आहे. सकाळी खिडकीतून ऊन तिच्यावर आडवे येते. कुंचा राठ होता, चुना दाट होता, त्यामुळे फटकारे उठून राहिले आहेत आणि त्या तिरप्या उन्हात एकेक वेगळा दिसतो. मी चहाचा कप घेऊन ट्रंकेवर बसतो. ऊन सरकेपर्यंत बसतो. माझी पत्नी उजव्या हाताची होती. या घराला तिच्या आणि माझ्याशिवाय तिसऱ्या कोणी चुना दिला नाही. मुलीने यावे, चष्मा लावावा आणि पाहावे: निळ्यातल्या फटकाऱ्यांची वरची टोके, आढ्यापासून जमिनीपर्यंत, एकूण एक, डावीकडे झुकलेली आहेत.